हाताहाती दिलेला विस्तव

आमच्या भट्टीवर कधी कराराचा कागद होत नसे. गिऱ्हाईक यायचं, कच्च्या विटांच्या रांगांमधून हिंडायचं, मागच्या भट्टीतल्या दोन विटा एकमेकींवर वाजवून आवाज ऐकायचं. माल ठरला की भट्टी रचून झाल्यावर एका सकाळी ते परत यायचं. शंकरप्पा नारळ फोडायचा, अब्बा फातेहा म्हणायचे आणि अम्मी घरातल्या चुलीतला विस्तव खापरावर घेऊन यायची. ते खापर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. खाली ठेवायचं नाही, मध्ये तिसऱ्यानं धरायचं नाही. गिऱ्हाइकानं ते भट्टीच्या तोंडात उलटं केलं की आतून जे निघेल ते त्याचं. चांगलं निघो, वाकडं निघो, काळं निघो.

देवणीच्या एका गुत्तेदारानं असाच विस्तव लावला आणि पुढच्याच आठवड्यात त्याचं बांधकाम बंद पडलं. तरी भट्टी उकलल्यावर त्याचे ट्रॅक्टर आले. सगळ्या विटा त्यानं स्वतःच्या शेतात नेऊन रचल्या. कितीतरी वर्षं त्या तिथंच होत्या. त्याचे बैल त्या विटांना मान घासायचे. अब्बा ही गोष्ट सांगताना हसायचे, पण त्या माणसाचं नाव घेताना आवाज जरा खाली आणायचे, मोठ्या माणसाचं घेतात तसा.

अब्बांची भट्टी किल्लारीच्या भूकंपानंतरची. त्याआधी ते उदगीरला त्यांच्या मामूंच्या चुन्याच्या घाणीवर काम करायचे. भूकंप झाला आणि औसा, निलंगा भागातली माणसं महिनोन्‌महिने अंगणात झोपू लागली. दगड-मातीच्या भिंतीखाली पुन्हा डोकं ठेवायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना लाल वीट पाहिजे होती आणि सिमेंट. अब्बांनी मांजरा नदीच्या बाजूला जागा घेतली, निलंग्याकडून शंकरप्पाला आणलं. शंकरप्पा म्हणजे आमचा आगवाला. कोळसा, तूस, तुराट्या विटांच्या कोणत्या थरात किती घालायच्या आणि भट्टी कोणत्या बाजूनं पेटू द्यायची, हे तो ठरवायचा.

गावं बांधून झाली तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. नांदेड, परभणी, पार सोलापूरपर्यंतची पोरं इथं बारावीला येऊ लागली आणि त्यांना झोपायला जागा पाहिजे होती. एकेक हॉस्टेल म्हणजे अब्बांच्या कितीतरी भट्ट्या. दिवाळीनंतर धूर सुरू व्हायचा तो मृग लागेपर्यंत. शाळेत मी वेणी सोडली की खांद्यावर राख पडायची. मैत्रिणी मला 'भट्टी' म्हणायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. ज्या बाकावर त्या बसायच्या त्याच्या मागची भिंत आमच्याच विटांची होती.

मी अकरावीला वीरभद्र सरांच्या क्लासला गेले. सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात त्यांची आई दगडाच्या भिंतीखाली गेली, तेव्हा ते स्वतः बारावीत होते. दर वर्षी तीस सप्टेंबरला ते पहिली पाच मिनिटं गप्प उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "भट्टीत तापल्याशिवाय वीट पक्की होत नाही. तुम्ही आता भट्टीत आहात." हे वाक्य क्लासच्या जिन्यात मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. माझ्याकडे बघून ते जरा हसायचे. "जेबाला विचारा, तिला माहिती आहे."

एकदा पेपरात चुनखडी भाजण्याचं समीकरण आलं होतं. मी सगळं बरोबर लिहिलं, फक्त कार्बन डायऑक्साइडच्या पुढे वर जाणारा बाण काढला नाही. सरांनी अर्धा मार्क कापला. मी वाद घालायला गेले तर म्हणाले, "वायू निघून जातो, जेबा. दिसत नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं. जे निघून जातं ते लिहायचं."

मला वाटतं, पुढे मी जे काही शिकले ते त्या अर्ध्या मार्कामुळे. नांदेडच्या विद्यापीठात एम.एस्सी. करताना मी आमच्याच भट्टीचा हिशेब मांडला. एक लाख विटांची भट्टी म्हणजे हवेत साधारण तीस-चाळीस टन कार्बन डायऑक्साइड. जगात सिमेंट, पोलाद आणि वीट या तीन गोष्टी किती धूर सोडतात ते मी वाचत होते आणि प्रत्येक तक्त्याच्या मागे मला अब्बांची पाठ दिसत होती. आमचं घर त्या धुरावर उभं होतं. माझी फीसुद्धा.

परत आले तेव्हा मी न भाजायची वीट करून बघायला लागले. परळीच्या वीज केंद्राची राख, चुना, थोडा जिप्सम. साच्यात दाबायची, वाळवायची आणि पाणी मारत राहायचं. पाण्यानं ती घट्ट होत जाते. आग लागत नाही. पॉलिटेक्निकमधल्या दाबाच्या मशीनवर मी दोन्ही विटा तोडून बघितल्या. आमची लाल वीट आधी फुटली.

अब्बांनी राखाडी वीट हातात घेतली, उलटीसुलटी केली, आमच्या जुन्या विटेवर वाजवली. आवाज बसका आला.

"मेल्यासारखी बोलून राहिली," ते म्हणाले.

"आवाजावर ताकद ठरत नसते, अब्बा."

"लोकांच्या कानाला सांग ते."

केवळाबाई विटा थापत होती. सगळ्या थापणाऱ्यांत तीच जुनी. तिनं हात न थांबवता विचारलं, "आग न्हाई तर मग शंकरप्पा काय करणार गं पोरी? पाणी मारणार?"

शंकरप्पा बिडी ओढत होता. "मारतो की," तो म्हणाला. "नीर तर माझी बायको बी मारते. मला पगार कामून देतील?"

सगळे हसले. मीही हसले. मला तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पाहिजे होतं, असं नंतर वाटलं.

वीरभद्र सरांचं मोठं काम निघालं होतं. शहराबाहेर पाच मजली मुलींचं हॉस्टेल आणि शेजारी क्लासची इमारत. त्यांनीच मला बोलावलं. तोवर माझा फोटो त्यांच्या जुन्या फ्लेक्सवर होता, गुणवंतांच्या रांगेत, कोपऱ्यात.

"जेबा, सगळीकडे ग्रीन कॅम्पस चाललंय. आपल्या मातीत काय करता येईल ते सांग मला."

मी सांगितलं. तासभर सांगितलं. त्यांनी मध्ये थांबवून नेमके प्रश्न विचारले. कुणीतरी इतकं नीट ऐकतंय म्हणून मला आनंद झाला. शेवटी मी म्हटलं, "सर, हे शून्य नाही. चुना भाजताना वायू निघतोच. पण लाल विटेपेक्षा फार कमी."

"बाण," सर म्हणाले.

"हो, बाण."

"सगळा माल मी घेतो," ते म्हणाले. "पाचही मजले. चांदभाईंना सांग."

अब्बांना सांगितलं तेव्हा ते बोटांवर हिशेब करू लागले. एवढा माल म्हणजे अख्खा हंगाम. दाबाचं मशीन भाड्यानं आणायचं, राखेच्या गाड्या आणायच्या, कोळसा आणायचाच नाही. थापणाऱ्यांपैकी निम्म्यांना यंदा काम नाही. शंकरप्पालाही नाही. एकाच गिऱ्हाइकावर सगळं.

"आन विस्तव कुठं द्यायचा?" अब्बांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"भट्टी न्हाई तर विस्तव कुठं उलटा करल सर? त्याची जबान कशानं घ्यायची?"

मी शिकलेली. मी लगेच तोडगा काढला. लाल विटेला आग जे करते ते राखाडी विटेला पाणी करतं. मग पहिलं पाणी सरांच्या हातून घालायचं. अम्मी विस्तव देते तसा तांब्या देईल, हाताहाती. अर्थ तोच.

अब्बांनी अम्मीकडे बघितलं. अम्मी म्हणाली, "पाणी तर आपण फकिराला पण देतो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बरं. देते."

सर आले त्या दिवशी त्यांच्याबरोबर दोन फोटोग्राफर होते आणि क्लासमधल्या काही मुली. शंकरप्पानं नारळ फोडला. अब्बांनी फातेहा म्हटली. अम्मीनं तांब्या सरांच्या हातात दिला, सरांनी तो राखाडी विटांच्या पहिल्या थप्पीवर ओतला. फोटोवाला म्हणाला, परत एकदा. सरांनी परत एकदा ओतलं. मग फोटोवाल्यानं मला सरांच्या शेजारी उभं केलं. तांब्या रिकामा होता, तरी आम्ही दोघांनी तो तिरपा धरला.

त्या हंगामात आमच्याकडे धूर नव्हता. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे, "चांदपाशा, भट्टी मोडली का?" अब्बा म्हणायचे, "न्हाई, आराम करून राहिली." विटांच्या थप्प्या वाढत गेल्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. शंकरप्पा निरोप घेऊन गेला. पलीकडच्या रस्त्यावर दुसऱ्या एका मालकाच्या भट्टीवर त्याला काम मिळालं होतं. जाताना तो माझ्या विटांच्या थप्पीवर हात फिरवून म्हणाला, "थंडगार हायत. उन्हाळ्यात झोपायला बरं."

माल तयार झाला. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, अजून पाया चालू आहे. पुढच्या वेळी म्हणाले, जोतं चालू आहे. मग एक ट्रॅक्टर पाठवला. फक्त एक. गेटच्या बाजूची भिंत करायची आहे, बाकी मागाहून, असं ड्रायव्हरनं सांगितलं. अब्बांनी स्वतः विटा भरून दिल्या, कडेची एकही तुटली नाही पाहिजे म्हणून मध्ये तुराट्या घातल्या.

शंकरप्पा एका दुपारी आला. एरवी तो आला की आधी केवळाबाईची चेष्टा करायचा. त्या दिवशी सरळ बाजेवर येऊन बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चांदभाई, मी बोलू का नको असं करून राहिलो."

"बोल की."

"महिना झाला, आम्ही भट्टी लावली. मोठी. मीच नारळ फोडला. मालकीणबाईनं खापर आणलं. गिऱ्हाईक पुढं आलं तर..." तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. "तुमचे सर होते."

अब्बा म्हणाले, "दुसरं काम असल त्यांचं."

"मला बी तसंच वाटलं. म्हणून मी विचारलं त्यांच्या सुपरवायझरला. तीच बिल्डिंग. पोरींची. पाचही मजले लाल." त्यानं टोपी उलटी केली, सुलटी केली. "त्यांनी मला वळखलं न्हाई. माझ्या हातचा नारळाचा तुकडा खाल्ला आन वळखलं न्हाई."

"विस्तव हातात घेतला?" अब्बांनी विचारलं.

"हाव. दोन्ही हातानं."

अब्बा उठले आणि विटांच्या थप्प्यांकडे गेले. पाण्याचा पाईप चालू होता, तो त्यांनी बंद केला.

मी दुसऱ्या दिवशी सरांच्या नव्या जागेवर गेले. गेटच्या एका बाजूला आमची राखाडी भिंत उभी होती, कमरेएवढी, गिलावा न करता, वीट दिसावी म्हणून. बांधली सुरेख होती. तिच्यावर फ्लेक्स होता: 'मराठवाड्यातील पहिला शून्य कार्बन कॅम्पस'. खाली तांब्या धरलेले सर आणि मी. 'संकल्पना : कु. जेबा चांदपाशा, एम.एस्सी.' आणि भिंतीच्या मागे, जिथपर्यंत नजर जात होती तिथपर्यंत, लाल विटांचे ढीग. काही विटा अजून कोमट असतील असं वाटावं इतक्या ताज्या.

सर तिथल्याच ऑफिसात होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सर, तुम्ही दुसरीकडे भट्टी लावली."

"लावली." त्यांनी नाकारलं नाही. "मी तुला बोलावणारच होतो. ॲडमिशनची गडबड होती."

"आमचा सगळा माल पडून आहे. तुमच्यासाठी केलेला."

"जेबा, तू पालक बघितलेस का? जळकोटहून येतात, शिरूर अनंतपाळहून येतात. पोरीला ठेवायच्या आधी काय करतात माहिती आहे? भिंतीवर बोटं वाजवतात. सगळे. भूकंपाला इतकी वर्षं झाली तरी वाजवतात. एका बापानं तुझी वीट बघितली आणि मला विचारलं, ही राखेची आहे का? राखेत माझी पोरगी झोपवू का? मी त्याला काय दाबाचं मशीन दाखवू?"

"दाखवायचं होतं. ती लाल विटेपेक्षा जास्त दाब सोसते. तुम्हाला माहिती आहे ते."

"माहिती आहे." सर खिडकीकडे बघत होते. "मला माहिती आहे आणि तरी मला झोप लागली नसती. माझी आई ज्या भिंतीखाली गेली, ती आगीतून आलेली नव्हती. तुझी पण नाही. तू म्हणशील हे शास्त्र नाही. नाही. पण तू तिथं नव्हतीस त्या पहाटे."

हे खरं होतं, मला दिसत होतं की ते खरं आहे. त्यांनी हे मला हंगामाच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर मी अब्बांना सांगितलं असतं आणि अब्बा म्हणाले असते, मग लालच करू. जिन्यातलं वाक्य मी दोन वर्षं रोज वाचत चढत होते. तरी मला कळलं नव्हतं की हा माणूस न तापलेली वीट कधीच घेणार नाही.

"मग तुम्ही पाणी का घातलंत?" मी विचारलं.

"अगं, तो फोटोचा कार्यक्रम होता."

"आमच्यासाठी ती जबान होती, सर. अब्बांनी कोळसा आणला नाही. शंकरप्पाला पाठवून दिलं."

"पाणी घातलं म्हणजे जबान?" ते खरोखर चकित झाले होते. "भट्टीवर विस्तव घेतात ते मला ठाऊक आहे. विस्तव घेतला असता तर मी माल घेतलाच असता. कसाही घेतला असता. लातूरचा माणूस आहे मी."

चहा आला. मी घेतला नाही.

"फ्लेक्सवरचं शून्य काढा," मी म्हटलं. "मी शून्य कधीच म्हटलं नव्हतं. आणि आता तर पाच मजले भाजलेले आहेत. तिथं माझं नाव आहे."

सर हसले, वर्गात एखाद्या हुशार पोरीनं अवघड प्रश्न विचारला की हसायचे तसे. "कोण मोजायला बसलंय, जेबा?"

मी घरी आले. अब्बांना सगळं सांगितलं, सरांच्या आईचं सुद्धा. त्यांनी त्यातलं एकच धरलं.

"विस्तव असता तर घेतला असता, असं म्हणले?"

"हो."

"मग बरोबर हाय त्यांचं," अब्बा म्हणाले. "पाणी आपण काढलं. त्यांनी न्हाई."

त्यांनी 'आपण' म्हटलं. 'तू' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

अब्बांनी राखाडी विटा विकायचा प्रयत्न केला. माणसं यायची, उचलायची, नखानं खरवडायची, आमच्याच जुन्या लाल विटेवर वाजवायची आणि खाली ठेवायची. केवळाबाईनं सुचवलं, "गेरू लावा वरून. लगीन लागल्यावर कोण तोंड धुवून बघतं?" अब्बा तिच्यावर भडकले नाहीत, पण दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मग अवकाळी पाऊस पडला आणि पलीकडे सरांसाठी लावलेली दुसरी भट्टी अर्धी विझली. आतल्या विटा पिवळ्या निघाल्या. तिचाही विस्तव घेतलेला होता म्हणून सरांनी त्या उचलल्या, आणि शेजारच्या क्लासच्या इमारतीच्या पायात भरायला टाकल्या. ही गोष्ट शंकरप्पानंच सांगितली. ऐकून अब्बांनी मान हलवली, जसं काही सरांबद्दल एक जुनी शंका फिटली. मला मात्र ते ऐकून सगळ्यात जास्त लागलं. त्यांना शब्द पाळता येत होता. आमच्याशी पाळला नव्हता, इतकंच.

हॉस्टेलचे वरचे दोन मजले अडकले. जूनमध्ये मुली येणार होत्या. सर स्वतः गाडी घेऊन आमच्याकडे आले.

"चांदभाई, तुमच्या घरचा माल सोडून चूक झाली. एक भट्टी लाल करा माझ्यासाठी. लवकर."

अब्बा म्हणाले, "करतो."

मी आतून ऐकत होते. गाडी गेल्यावर बाहेर आले. "तुम्ही हो म्हणालात."

"थापणारे परत येतील, बेटा. शंकरप्पा येईल. केवळाबाईनं पोरीचं लगीन पुढं ढकललंय आपल्यापायी. मी न्हाई कोणत्या तोंडानं म्हणू?"

"आणि ते आपल्या तोंडावर..."

"माहीत हाय मला," अब्बा म्हणाले, आणि पुढचं मला बोलू दिलं नाही.

भट्टी रचायला घेतली. कोळसा आला, तूस आलं. भट्टीच्या बाहेरून एक भिंत घालावी लागते, आतली आग आतच राहावी म्हणून. एरवी तिला जुन्या, तुटक्या लाल विटा वापरतात. त्या वर्षी जुन्या विटा उरल्या नव्हत्या. राखाडी खूप होत्या. शंकरप्पानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या रचायला सुरुवात केली. इतक्या तापल्यावर त्यांच्यातली पकड सुटते, त्या परत कशालाही उपयोगी पडत नाहीत. अब्बांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगून त्या काही विकल्या जाणार नव्हत्या.

सर सकाळी आले. या वेळी फोटोवाले नव्हते. नारळ फुटला, फातेहा झाली. अम्मीनं चुलीतून विस्तव काढला, खापरावर घेतला आणि दारातच थांबली. मग मला म्हणाली, "तू दे. माझ्या हातानं मागं पाणी दिलंय त्यांना."

मी खापर घेतलं. बाभळीचा विस्तव होता, वर पांढरी साय धरलेली, खाली लाल. खापराच्या कडेला फडकं होतं तरी बोटांना चटका बसत होता. सर दोन्ही हात पुढे करून उभे होते. वर्गात पेपर घेताना आम्ही करायचो तसे.

मी त्यांच्यासमोर गेले आणि खापर जमिनीवर ठेवलं.

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. शंकरप्पा भट्टीकडे बघत राहिला. सरांना ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते किंचित हसले.

"काय जेबा, रुसलीस का?"

"उचला, सर," मी म्हटलं.

ते वाकले, खापर उचललं, भट्टीच्या तोंडात उलटं केलं. तुराट्यांनी पेट घेतला. थोड्या वेळानं राखाडी भिंतीच्या फटींमधून पहिला धूर निघाला.

अब्बा माझ्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. ते सरांकडे वळले. "सर, आता कागद करू."

"कागद?" सर म्हणाले. "चांदभाई, तुमच्याकडे कागद कधीपासून?"

"आजपासून. विस्तव तुम्ही खालून उचलला. आमच्याकडून तो दिला गेला न्हाई."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तू लिही. माझं मराठी अक्षर चांगलं न्हाई."

आमच्या भट्टीवरचा तो पहिला कागद मी लिहिला. किती विटा, कधी न्यायच्या, वाकड्या-काळ्या निघाल्या तरी न्यायच्या. खाली मी आणखी एक ओळ लिहिली. ही वीट दगडी कोळशावर भाजलेली आहे, तिचा धूर साधारण इतका, आणि घेणाऱ्यानं आपल्या इमारतीला शून्य म्हणू नये, तिथं माझं नावही लावू नये.

सरांच्या खिशात लाल पेन होता, पेपर तपासायचा. त्यांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि शेवटच्या ओळीखाली सही केली. वाचला नाही; मी करून दिलेली नक्कलही तशीच खिशात टाकली. अर्ध्या मार्कासाठी समीकरणातला बाण शोधणारा माणूस. अब्बांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली, काढली, परत घातली. आमच्या घरात कागद ठेवायची जागाच नव्हती.

भट्टी चांगली निघाली. सगळा माल गेला. बाहेरची राखाडी भिंत उकलताना हातातच भुगा झाली, ती केवळाबाईनं घमेल्यांनी नेऊन रस्त्याच्या खड्ड्यांत टाकली.

त्यानंतर अम्मी खापर काढत नाही. गिऱ्हाइकं अजून विचारतात, पण अब्बा म्हणतात, आधी सही करा. भट्टी शंकरप्पा काडेपेटीनं पेटवतो.

जूनमध्ये हॉस्टेल सुरू झालं. मी गेटवरून जाताना बघितलं. फ्लेक्स नवा लावलाय. कुणीतरी तो कागद वाचला असावा, निदान अर्धा. माझं नाव निघालं आहे. शून्य तसंच आहे.